पॉडकास्ट लाँच करून देतो म्हणणाऱ्यापासून सांभाळा (नागपूरचा अनुभव)

घरी लहान बाळ आहे आणि सोबत आवाजाचं काहीतरी काम सुरू करायचं मनात आहे अशा सगळ्यांसाठी लिहून राहिले, विशेषतः नागपूरच्या बायकांसाठी, कारण हा माणूस अजून इथंच फिरून राहिला आहे.

मुलगी सहा-सात महिन्यांची होती तेव्हा मी आमच्या आजेसासूबाईंच्या आवाजात भुलाबाईची गाणी रेकॉर्ड करायला घेतली. भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत त्यांच्या माहेरी, नागपूरच्या महाल भागात, रोज संध्याकाळी पोरी जमायच्या, गाणी व्हायची, मग डबा वाजवून खाऊ ओळखायचा. ती गाणी आता घरात त्यांच्याशिवाय कोणालाच पूर्ण येत नाहीत आणि त्यांचं वय झालंय, म्हणून घाई होती. तान्हा पोळ्याच्या गोष्टी पण त्या फार छान सांगतात, लाकडी बैल सजवून पोरं घरोघरी बोजारा (खाऊ-पैसे) मागायला कशी जायची वगैरे. बाळ दुपारी झोपलं की मधल्या खोलीत दार लावून, खिडकीला गादी टेकवून, मोबाईलला कॉलर माईक लावून आम्ही बसायचो, आणि मे महिन्यात नागपुरात कूलर बंद करून बसणं काय असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. आजी पदरानं घाम पुसायच्या आणि पुन्हा गायच्या.

आयांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी विचारलं की हे सगळीकडे ऐकू येईल असं कसं टाकायचं, तर अर्ध्या तासात एका माणसाचा पर्सनल मेसेज आला. पॉडकास्ट लाँच पॅकेज, साडेबारा हजार रुपये, त्यात एडिटिंग, कव्हर, स्पॉटिफाय आणि अ‍ॅपलची लिस्टिंग फी, कॉपीराईट सर्टिफिकेट आणि वर पहिल्या महिन्यात दहा हजार श्रोते गॅरंटीड. बोलायला एकदम गोड. "ताई, तुम्ही बाळाकडे पाहा, टेक्निकल टेन्शन भावावर सोडा." ऑफिस धरमपेठेत आहे म्हणाला, जीएसटीचं बिल देतो म्हणाला, जुन्या ग्राहकांचे व्हॉईस मेसेज ऐकवले (ते खरे होते का बनवलेले, देव जाणे). अर्धे पैसे आधी घेतले, बाकीचे लिंक आल्यावर द्यायचे ठरले.

लिंक खरंच आली. शो स्पॉटिफायवर दिसला, घरात सगळे खूश, गावाकडच्या आत्याबाईंनी तर शेजारणींना बसवून ऐकवलं.

गडबड कळली ती एडिटिंगवरून. त्यानं "मास्टरिंग" (आवाज साफ आणि एकसारखा करणं) केलेली फाईल मी नीट ऐकली तर तिसऱ्या मिनिटाला शेजारच्या कुकरची शिट्टी जशीच्या तशी, तिच्या मागून बाळाचं कुरकुरणं पण तसंच. मी ऑडॅसिटी टाकलं, फुकट सॉफ्टवेअर आहे, आणि माझी मूळ फाईल आणि त्याची फाईल एकाखाली एक लावली. दोन्हीच्या रेघा तंतोतंत एकसारख्या, आवाजाची पातळी सुद्धा बदललेली नाही. म्हणजे फक्त फाईलचं नाव बदलून मास्टरिंगचे पैसे.

मग एकेक उलगडत गेलं. अ‍ॅपलवर किंवा स्पॉटिफायवर शो टाकायला लिस्टिंग फी अशी काही भानगडच नाही, स्पॉटिफायचं स्वतःचं होस्टिंग (फाईली ठेवायची ऑनलाईन जागा) पण फुकट आहे. कॉपीराईट सर्टिफिकेट म्हणून पाठवलेल्या पीडीएफवर तिरंगी बॉर्डर, वर अशोकस्तंभ, आजींच्या नावात चूक आणि रजिस्ट्रेशन नंबरच नाही, आणि ते आलं दोन दिवसांत. खऱ्या अर्जाला आधी डायरी नंबर (अर्जाचा नोंद क्रमांक) मिळतो, मग कोणाची हरकत येते का म्हणून 30 दिवस थांबावंच लागतं, आणि ध्वनिमुद्रणाची सरकारी फी 2000 रुपये आहे. मुळात आपल्या 1957 च्या कॉपीराईट कायद्यात हक्क मिळायला नोंदणी सक्तीची नाहीच, रेकॉर्डिंग केलं की हक्क तयार होतो. श्रोत्यांचं म्हणाल तर त्यानं आकड्याचा फोटो पाठवला होता, मी पूर्ण आकडेवारी मागितली तेव्हा मोठ्या मुश्किलीनं दिली, तर जवळजवळ सगळे श्रोते परदेशातल्या एकाच शहरातले आणि बहुतेकांनी काही सेकंदांत बंद केलेलं. वऱ्हाडी भुलाबाईची गाणी तिथं कोण ऐकून राहिलं होतं, सांगा. ते मशीननं वाढवलेले आकडे होते, आणि प्लॅटफॉर्मला असे खोटे आकडे सापडले तर कारवाई शोवर होते, आकडे विकणाऱ्यावर नाही.

पण सगळ्यात वाईट भाग पुढेच आहे आणि हाच नीट वाचा. मी उरलेले पैसे अडवून धरले तेव्हा त्यानं अकाउंटचा पासवर्ड द्यायला नकार दिला. अकाउंट त्याच्या ईमेलवर उघडलेलं होतं. पॉडकास्टचं सगळं एका आरएसएस फीडवर (इंटरनेटवरची एपिसोडची यादी, सगळी अ‍ॅप तिथूनच एपिसोड उचलतात) चालतं, त्या फीडमध्ये मालकाचा ईमेल असतो, आणि बहुतेक ठिकाणी शो आपला आहे हे सिद्ध करायचं तर कोड त्याच ईमेलवर जातो. होस्टिंग बदलायचं तर जुन्या फीडवरून नव्यावर रीडायरेक्ट लावावा लागतो, तो पण जुन्या अकाउंटचा मालकच लावू शकतो. म्हणजे आजींचा आवाज आणि आमची गाणी, पण किल्ली याच्या खिशात. वर मेसेज, "पेमेंट क्लिअर करा नाहीतर शो डिलीट होईल, नंतर रिन्यूअल 4,999." हे वाचलं तेव्हा बाळ मांडीवर दूध पीत होतं आणि माझे हात थरथरून राहिले होते, आजींना कसं सांगू हेच डोक्यात.

नवरा धरमपेठेतल्या त्या पत्त्यावर जाऊन आला. तिथं शिकवणी वर्ग निघाले, तिथल्या माणसांनी याचं नाव पण ऐकलेलं नव्हतं.

1930 ला फोन केला आणि सायबर क्राईमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली, यूपीआयचे व्यवहार क्रमांक आणि सगळी चॅट जोडली. पैसे गेल्यागेल्या कळवलं तर समोरच्या खात्यात रक्कम गोठवता येते, उशीर झाला तर तो पुढे काढून घेतो, त्यामुळे तुमच्यासोबत असं झालं तर बाळ झोपायची वाट पाहू नका, लगेच फोन लावा, दुसऱ्या हातानं पाळणा हलवत लावा. ग्राहक हेल्पलाईन 1915 आहे, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही. आमची तक्रार सुरू आहे, पैसे अजून परत आलेले नाहीत.

शो मात्र परत मिळवला, म्हणजे नवीन उभा केला. मूळ रेकॉर्डिंग तारखांसकट माझ्या फोनमध्ये होती, ती लावून स्पॉटिफायकडे हक्काची तक्रार केली तेव्हा जुना शो उतरला. माझ्या ईमेलवर माझंच अकाउंट उघडलं, बाळाच्या दोन झोपांमध्ये सगळं झालं. जुन्या शोला फॉलो करणाऱ्यांना मात्र एकेक करून नवी लिंक पाठवावी लागून राहिली आहे.

तो माणूस आता नाव आणि नंबर बदलून दुसऱ्या आयांच्या ग्रुपमध्ये आहे, मानेवाडा भागातल्या एका मैत्रिणीला मागच्या आठवड्यात मेसेज आला. शब्द तेच आहेत, "ताई, तुम्ही बाळाकडे पाहा", पॅकेजमध्ये लिस्टिंग फी आणि सर्टिफिकेट तेच, फक्त रक्कम आता पंधरा हजार केली आहे. असा मेसेज आला तर स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि मला पाठवा, आमच्या तक्रारीला जोडायचा आहे.