भट्टीच्या उष्णतेतून वीज: बिस्मथ टेल्युराइड की टायटॅनियम-निकेल-टिन?

नवी मुंबईतल्या रबाळे किंवा महापे एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटची भट्टी चालवणाऱ्याला धुराड्यातून जाणारी उष्णता बघवत नाही. तिच्यातून वीज काढायची तर एक बाजू गरम आणि दुसरी थंड ठेवली की वीज देणारे दोन पदार्थ समोर येतात. बिस्मथ टेल्युराइडची मॉड्यूल्स, म्हणजे अशी वीज देणाऱ्या चपट्या वड्या, तयार मिळतात. टायटॅनियम-निकेल-टिन हे तीन धातूंचं संयुग मात्र अजून बरंचसं प्रयोगशाळेतच आहे. ठरवण्याआधी धुराचं नव्हे, तर मॉड्यूल जिथे बसणार त्या पत्र्याचं तापमान मोजा.

ते 250 अंश सेल्सिअसच्या आत असेल तर बिस्मथ टेल्युराइडच घ्या, फार विचार नको. हातात येणारी वीज उष्णतेच्या 5 टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी, एवढं मात्र धरून चाला.

पत्रा 500 अंशांवर असेल तर गोष्ट वेगळी. बिस्मथ टेल्युराइड 585 अंशांना वितळतो, आणि त्याचे डाखलेले जोड त्याच्या कितीतरी आधी सुटतात. टायटॅनियम-निकेल-टिन इथेच कामाला लागतं. टायटॅनियमचे 4, निकेलचे 10 आणि टिनचे 4 असे बाहेरचे 18 इलेक्ट्रॉन जुळतात आणि तीन धातूंमधून चक्क अर्धवाहक तयार होतो. मला या संयुगाची ओढ आहे ती यामुळेच. ते टणक आहे, त्यात शिसं नाही, दुर्मिळ टेल्युरियमही नाही. थंड बाजू 50 अंशांवर धरली, तर कार्नोची कमाल मर्यादा, म्हणजे उष्णतेतला जास्तीत जास्त किती वाटा वीज होऊ शकतो ती, 250 अंशांना 38 टक्के आणि 500 अंशांना 58 टक्के येते. प्रत्यक्षात तिचा लहानसा वाटाच मिळतो.

टायटॅनियम-निकेल-टिनची खोड म्हणजे ते उष्णता फार सहज वाहून नेतं, त्यामुळे दोन बाजूंतला फरक टिकत नाही. टायटॅनियमच्या काही जागी झिर्कोनियम, हाफ्नियमचे जड अणू बसवले की हे वहन मंदावतं, पण हाफ्नियम महाग. बनवणंही कठीण: टिन 232 अंशांना वितळतं, टायटॅनियम 1668 ला. म्हणून आरगॉन वायूत आर्क मेल्टिंग (विजेच्या आर्कने वितळवणं) आणि मग कित्येक दिवस अ‍ॅनीलिंग (तापवून मुरवणं). शिवाय मॉड्यूलला दोन प्रकारचे पाय लागतात, आणि हा झाला फक्त एन-प्रकारचा, म्हणजे इलेक्ट्रॉनांनी वीज वाहणारा पाय. उलट, पी-प्रकारच्या पायासाठी नायोबियम-लोह-अँटिमनीसारखं दुसरं संयुग लागतं.

गॅसचं बिल कमी करायचं असेल, तर आधी रिक्युपरेटर, म्हणजे धुराची उष्णता हवेला देणारं यंत्र, बसवून बर्नरची हवा तापवा. त्यात कितीतरी जास्त उष्णता परत मिळते. टायटॅनियम-निकेल-टिनवर आज उत्पादन अवलंबून ठेवू नका. एखाद्या कॉलेजची प्रयोगशाळा सोबत असेल, तर नमुना धुराड्यात काही महिने ठेवून त्याचं ऑक्सिडीकरण जरूर तपासा. खाडीकडच्या दमट हवेत जोडांवर काय परिणाम होतो, हेही तेव्हाच पाहून घ्या.