आउटडोअर युनिटची फॅन मोटर बदलल्यानंतर: नागपूरचा उन्हाळा आणि हिवाळा

आमच्या घरी दीड टनाचा ‘हॉट अँड कोल्ड’ स्प्लिट एसी आहे, म्हणजेच उन्हाळ्यात घरातली उष्णता बाहेर टाकणारा आणि हिवाळ्यात बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारा हीट पंप. गेल्या एप्रिलमध्ये त्याच्या आउटडोअर युनिटची फॅन मोटर निकामी झाली. नवी मोटर बसवल्यानंतरचा उन्हाळा, पावसाळा आणि थंडी पाहून हा अनुभव लिहीत आहे.

भर दुपारी एसी थोडा वेळ गारवा देई, मग नुसतीच हवा येई आणि रात्री पुन्हा सुरळीत चाले. पहिल्या मेकॅनिकने गॅस भरावा लागेल असे सांगितले. परंतु गॅस कमी असता तर रात्रीही गारवा कमीच जाणवला असता, म्हणून आम्ही दुसऱ्या मेकॅनिकला बोलावले. त्यांनी आधी गच्ची गाठली. कॉम्प्रेसर चालू होता आणि पंखा थांबलेला होता. अशा वेळी कॉइलमधली (गॅस फिरणाऱ्या नळ्यांच्या जाळीतली) उष्णता बाहेर पडत नाही, गॅसचा दाब चढत जातो आणि शेवटी ‘ओव्हरलोड’ हा संरक्षक स्विच कॉम्प्रेसर बंद पाडतो. मोटरचा कपॅसिटर (मोटर सुरू करायला आणि चालवायला मदत करणारा छोटा विद्युत भाग) मीटरवर ठीक भरला, मात्र शाफ्ट हाताने हलवल्यावर डुगडुगत होता आणि मोटरला हात लावणे अशक्य होते. बेअरिंग झिजल्याने मोटर तापत होती आणि तिच्या आतले थर्मल संरक्षण तिला थंड होईपर्यंत थांबवत होते.

बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, स्वस्त मोटरही मिळत होती. आम्ही जुन्या मोटरवरील माहितीची पट्टी वाचून वॅट, फेरे, फिरण्याची दिशा, शाफ्टची जाडी व लांबी जुळवली आणि बुशऐवजी (शाफ्ट ज्यात फिरतो ती साधी धातूची नळी) बॉल बेअरिंगची मोटर घेतली. पैसे जास्त गेले, पण माझ्या मते नागपूरच्या उन्हात हाच निर्णय योग्य आहे. कपॅसिटरही पट्टीवर लिहिलेल्या मूल्याचाच नवा बसवला. या कामात गॅसच्या नळ्यांना हात लावावा लागत नाही, त्यामुळे मोटरसोबत गॅसचा खर्च कोणी सांगितल्यास त्याचे कारण अवश्य विचारावे.

मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे गेला असतानाही एसी एकदाही ट्रिप झाला नाही. पावसाळ्यात आवाजही वाढला नाही.

हिवाळ्याबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंशांपर्यंत उतरलेल्या या शहरात हीटिंगचा उपयोग खरोखर होतो, विशेषतः घरात वयस्कर माणसे असतील तर. हीटिंगमध्ये बाहेरची कॉइल थंड असते आणि तिच्यावर हिम साचू शकते. ते वितळवण्यासाठी यंत्र काही मिनिटे उलटे चालते आणि तेवढा वेळ बाहेरचा पंखा मुद्दाम थांबवते. पहाटे असे दिसल्यावर मोटर पुन्हा गेली असे समजू नये. पंखा थोड्या वेळाने आपोआप सुरू होतो.

हे सारे साध्या, कपॅसिटरवर चालणाऱ्या मोटरबद्दल आहे. इन्व्हर्टर एसीत बहुधा बीएलडीसी (ब्रश नसलेली डीसी) मोटर असते. तिला कपॅसिटर नसतो, ती सर्किट बोर्डावरून चालते आणि बिघाड मोटरचा की बोर्डाचा, हे तपासल्याशिवाय कोणताही भाग विकत घेऊ नये.