जपानीसाठी भाषा-देवाणघेवाणीचं अॅप : काही महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या पावसाळ्यापासून मी भाषा-देवाणघेवाणीचं एक अॅप वापरते आहे. राहते ठाण्यात, पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि जपानीचा क्लास वेगळा लावला आहे. क्लासमधली नवी मुलं सारखी विचारतात की याचा खरंच उपयोग होतो का, म्हणून सविस्तर लिहिते. माझं मत असं की बोलणं सुटायला याच्यासारखं दुसरं काही नाही. पण नुसतं घ्यायला येणाऱ्याशी इथे फार दिवस कुणी बोलत नाही.

आधी अडचण काय होती ते सांगते. जेएलपीटी ही जपानी भाषेची पातळी ठरवणारी परीक्षा, एन५ ही तिची सगळ्यात खालची पायरी. ती १८० गुणांची. त्यात शब्द, व्याकरण आणि वाचनाला १२०, ऐकण्याला ६०. पास व्हायला एकूण ८० लागतात, शिवाय पहिल्या भागात किमान ३८ आणि ऐकण्यात १९. बोलण्याची परीक्षाच नाही. त्यामुळे चांगल्या गुणांनी पास झालेली मुलंही समोर जपानी माणूस आला की गप्प होतात.

अॅपमध्ये आपली भाषा आणि शिकायची भाषा नोंदवायची, मग जोडीदार शोधायचा. मेसेज, आवाजी संदेश, कॉल, सगळं आहे. आपल्या वाक्यातली चूक समोरचा दुरुस्त करतो आणि दोन्ही वाक्यं एकाखाली एक दिसतात. ही सोय मला सगळ्यात आवडते, कारण जुन्या दुरुस्त्या नंतर चाळता येतात. फुकटात एवढं मिळतं, मी पैसे भरलेले नाहीत.

मुलींसाठी एक गोष्ट स्पष्टच लिहायला हवी. सुरुवातीला भाषेशी काही देणंघेणं नसलेले भरपूर मेसेज येतात. फोटो पाठव, नंबर दे, असले. फक्त मुलींनाच माझं प्रोफाइल दिसावं, अशी सेटिंग केली आणि कॉलेजचं नाव काढून टाकलं, तेव्हा कुठे निवांत वापरता आलं. ही सेटिंग पहिल्याच दिवशी दिसेल अशी हवी. ती शोधावी लागते हे मला अजिबात पटलेलं नाही.

आता मुख्य मुद्दा. बहुतेक जपानी विद्यार्थ्यांना बदल्यात इंग्रजी हवी असते आणि इंग्रजी शिकवणारे त्यांना जगभरातून मिळतात. आपलं वेगळेपण हिंदी-मराठीत आहे. तोक्यो आणि ओसाकामधल्या विद्यापीठांत हिंदी घेऊन पदवी करता येते. तिथल्या मुलांना बोलायला माणूस हवाच असतो, जसा आपल्याला हवा असतो. माझी जोडीदारीण अशीच, तोक्योत हिंदी शिकणारी. तिची गरज माझ्याइतकीच खरी आहे, म्हणून आमचं टिकलं.

आम्ही रविवारी सकाळी साडेनऊला बोलतो. जपान आपल्या साडेतीन तास पुढे, म्हणजे तिच्याकडे दुपारचा एक वाजलेला असतो. अर्धा तास फक्त जपानी, अर्धा तास फक्त हिंदी, हा नियम. विषय आदल्या दिवशी ठरवायचा. विषय नसेल तर छंद काय, जेवलीस का, यापुढे गाडी जात नाही.

मराठी बोलणाऱ्याला जपानी वाक्य फार परकं वाटत नाही. ‘तोमोदाचि तो एकि ए इकिमास’, म्हणजे मैत्रिणीबरोबर स्टेशनला जाते. शब्द त्याच क्रमाने, क्रियापद शेवटी आणि आपल्या प्रत्ययांसारखी अव्ययं नामामागे. त्यांची अक्षरंही अ, इ, उ, ए, ओ आणि मग क, स, त, न अशी लागतात. बौद्ध भिक्षूंनी संस्कृतचा अभ्यास केला, त्याचा तो परिणाम. क्लासमध्ये हे ऐकलं होतं, पण बोलताना त्याचा केवढा आधार होतो ते इथे कळलं. हुंकार देणंही तसंच. समोरचा बोलत असताना ‘हाइ’ (हो), ‘सो देस ने’ (खरंय ना) म्हणत राहावं लागतं, नाहीतर तिला वाटतं की फोन कटला. गोष्ट ऐकताना आजी आपल्याकडून हुंकार मागते, त्याची सवय कामी आली.

तिला देवनागरी येते, त्यामुळे मी स्टेशनच्या पाट्यांचे, तलावपाळीच्या, म्हणजे ठाण्यातल्या तलावाकाठच्या, फलकांचे फोटो पाठवू लागले. ‘ठाणे’ आणि ‘तलावपाळी’ म्हणताना तिची जीभ अडते. ठ, ण, ळ यांतला एकही आवाज जपानीत नाही. मी आवाजी संदेशात सावकाश म्हणून पाठवते, ती परत म्हणते.

सगळ्यात रंगलेला विषय रेल्वेचा. मुंबई ते ठाणे ही ३४ किलोमीटरची गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. जपानची पहिली रेल्वे शिंबाशी ते योकोहामा, १८७२ ची. आपलं स्टेशन १९ वर्षांनी मोठं, हे तिला सांगताना मला मनापासून अभिमान वाटला. मग तिने शिनकानसेनचं, म्हणजे जपानच्या बुलेट ट्रेनचं सांगितलं. तोक्यो-ओसाका मार्ग १९६४ मध्ये सुरू झाला आणि आता तेच तंत्र मुंबई-अहमदाबाद मार्गावर येतंय, ठाणे खाडीखालून सुमारे सात किलोमीटर बोगद्यातून. पूल, बोगदा, डबा, तिकीट, वेग, हे शब्द त्या एका दिवसात पक्के झाले, कारण मला खरंच काहीतरी सांगायचं होतं.

उणिवाही आहेत. कांजी, म्हणजे जपानीतली चिनी चित्राक्षरं, इथे येत नाहीत, त्यांना वही आणि रोजचं लिखाणच हवं. जोडीदार मैत्रीखातर छोट्या चुका सोडून देतो, म्हणून ‘आज फक्त अव्ययं दुरुस्त कर’ असं नेमकं सांगावं लागतं. शिवाय मैत्रिणीशी बोलताना भाषा पटकन आपल्या ‘तू’सारखी सलगीची होते. परीक्षेत आणि मुलाखतीत ‘देस-मास’ची आदराची रूपं लागतात, ती क्लासमध्ये सरावात ठेवा.

परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये असते. त्याआधीचे काही आठवडे मी कॉल अर्ध्यावर आणते आणि तो वेळ जुन्या प्रश्नपत्रिकांना देते. तिचीही विद्यापीठाची परीक्षा असतेच. त्या काळात आम्ही एकमेकींना दिवसाला एक आवाजी संदेश पाठवतो, तेवढं पुरतं.