फोल्डर करू की टॅग लावू?

फोटो, कागदपत्रं, नोट्स, मनात येणारे विचार, हे सगळं एकदाचं लावायचं ठरवलं की गाडी अडते ती इथेच. माझं मत आधीच सांगते, हातात धरता येतात त्या वस्तूंना एक पक्की जागा आणि विचार-नोट्सना टॅग.

फोल्डरचा नियम सरळ, एक गोष्ट एकाच ठिकाणी. अमेरिकन ग्रंथपाल मेल्विल ड्युईंनी १८७६ मध्ये सगळ्या ज्ञानाचे १० मुख्य वर्ग केले, लायब्ररीसाठी ते सोयीचंच होतं, पुस्तक शेवटी एकाच शेल्फवर ठेवायचं असतं ना. पण गाडीच्या इन्शुरन्सचा कागद घ्या, तो 'गाडी'त जाईल, 'इन्शुरन्स'मध्ये जाईल की त्या वर्षाच्या फाइलीत? तिन्ही बरोबर आहेत आणि म्हणूनच तो नंतर सापडत नाही. अशा वेळी कागद कसला आहे हे बघू नका, तो लागेल तेव्हा सोबत अजून काय लागेल ते बघा. गाडी विकताना आरसी आणि सर्व्हिसची बिलंही लागणार, मग तो 'गाडी'त. आणि 'इतर' नावाचं फोल्डर फुगायला लागलं की समजा, तुमचे वर्गच चुकलेत.

टॅगचं, म्हणजे नोटला लावलेल्या शब्दाच्या चिठ्ठीचं, तसं नाही, एका नोटला अनेक लावता येतात. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३३ च्या कोलन वर्गीकरणात, म्हणजे पुस्तकं लावायच्या त्यांच्या पद्धतीत, विषयाचे पैलू वेगळे करून जोडायची पद्धत आणली, स्थळ आणि काळ हे त्यातले दोन, आणि मला ती घरच्या नोट्सनाही फार उपयोगी वाटते, म्हणजे कशाबद्दल, कुठलं, कधीचं एवढे तीनच प्रश्न विचारायचे आणि तेवढेच टॅग द्यायचे. शिस्त मात्र हवीच, आज 'प्रवास', उद्या 'ट्रिप', परवा 'ट्रॅव्हल' असं केलंत तर शोधताना दोन तृतीयांश माल गायब. टॅगची यादी आधी लिहून ठेवा आणि नवा शब्द सुचला तरी जुनाच वापरा.

आता एक अपवाद. आग लागली तर घरातून आधी काय उचलायचं? पासपोर्ट, औषधं, हार्ड डिस्क, यांच्यात एरवी काहीच साम्य नाही, हेतूमुळे ते एकत्र येतात, आणि मानसशास्त्रज्ञ बार्सलू यांनी १९८३ मध्ये अशाच ऐनवेळी तयार होणाऱ्या गटांवर लिहिलं होतं. इथे टॅगही नको आणि प्रकारानुसार कप्पेही नकोत, या वस्तू सरळ एका बॅगेत भरून दाराजवळ ठेवा.