खिशातली लिनक्स: काही महिने रोज वापरल्यानंतरचा अनुभव

पोर्टेबल ड्राइव्हवर ऑपरेटिंग सिस्टिम चालवायची म्हटलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, 'एसएसडी कुठली घेऊ?' एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क, रोजच्या वापरात सगळ्यात शेवटी बिघडते. आधी दगा देते ती केबल, मग पोर्ट, मग केसिंगमधली, म्हणजे एसएसडी बसते त्या डबीतली, यूएसबीशी जोडणारी चिप. पैसे कुठे घालायचे ते या क्रमानं ठरवावं.

इथे लिहितोय तो जोड असा: ५०० जीबीची टीएलसी (एका पेशीत तीन बिट साठवणारी) एनव्हीएमई (लहान पट्टीसारखी, वेगवान प्रकारची) एसएसडी, रिअलटेकच्या आरटीएल ९२१०बी चिपचं अ‍ॅल्युमिनियम केसिंग, दोन आखूड केबली आणि त्यावर डेबियन ही लिनक्स. वापर घरच्या लॅपटॉपवर, कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपच्या जुन्या डेस्कटॉपवर आणि शिरोली एमआयडीसीत गिऱ्हाइकाच्या पीसीवर. तिन्हीकडे तोच फ्रीकॅड (ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर), त्याच ड्रॉइंग फाइली.

आधी पेनड्राइव्हचा विषय संपवू. फ्लॅश मेमरीत आहे त्याच जागी पुन्हा लिहिता येत नाही, आधी अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. ब्राउझरचा कॅश, लॉग, अपडेट हे सगळं बारीक तुकड्यांत येतं, आणि पेनड्राइव्हचा साधा कंट्रोलर चार केबीसाठी काही एमबींची उलथापालथ करत बसतो. पाकिटावरचा '१५० एमबी' हा आकडा वाचनाचा, तोही सलग मोठ्या फाइलचा. लक्षणं ठरलेली: अपडेट चालू असताना माउस हलतो पण विंडो उघडत नाही, आणि पुढे एक दिवस फाइल सिस्टिम 'रीड-ओन्ली' होऊन बसते. इन्स्टॉलरसाठी किंवा बिघडलेला पीसी तपासायला पेनड्राइव्ह ठीक. त्यावर रोजचं काम नको.

एसएसडीच्या आयुष्याची काळजी लोक उगाच करतात. सॅमसंग ९७० ईव्हीओ प्लसच्या ५०० जीबी मॉडेलला ३०० टीबी लिखाणाची हमी आहे, क्रुशियल पी३ च्या ५०० जीबीला ११० टीबीची. रोज १५ जीबी लिहिलं तरी वर्षाला साडेपाच टीबी होतात. म्हणजे कमी हमीचा ड्राइव्हसुद्धा वीस वर्षं पुरेल. पी३ सारख्या क्यूएलसी (एका पेशीत चार बिट साठवणाऱ्या, स्वस्त) एसएसडीची खरी अडचण वेगळी: मोठी फाइल कॉपी करताना कॅश भरला की वेग एकदम पडतो. आणखी एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. बिनडीरॅमच्या, म्हणजे स्वतःची रॅम नसलेल्या, एनव्हीएमई एसएसडी पीसीची रॅम उसनी घेऊन चालतात, आणि यूएसबीवरून ती उसनवारी चालत नाही. जमलं तर डीरॅमवाली घ्यावी. जास्त वेगवान पिढीच्या, जेन ४ एसएसडीच्या मागे मात्र लागू नये. १० जीबीपीएसच्या पोर्टवर सेकंदाला हजारेक एमबीच्या वर काही मिळत नाही, आणि वेगवान एसएसडी वीज जास्त खाते.

विजेवरच सगळं अडतं. यूएसबी ३.० पोर्ट नियमानं ५ व्होल्टला ९०० मिलिअँपिअर देतो, म्हणजे साडेचार वॉट. यूएसबी २.० चा त्याहून कमी, अडीच वॉट. एसएसडीच्या स्टिकरवर ३.३ व्होल्टपुढे अँपिअर छापलेले असतात. गुणाकार केला की कमाल वॉट कळतात. दोन एसएसडींत निवड करायची असेल तर कमी अँपिअरची उचलावी. जुन्या कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला मदरबोर्डपासून बारीक वायर गेलेली असते, त्यात व्होल्टेज आणखी पडतं. मग जड फाइल सेव्ह करताना ड्राइव्ह अर्ध्या सेकंदापुरता सुटतो आणि परत जोडला जातो. साध्या कॉपीत हे खपून जातं, पण ऑपरेटिंग सिस्टिमच त्यावर चालू असेल तर पायाखालची जमीन गेली! स्क्रीन तशीच राहते आणि कुठलीही कमांड दिली तरी 'इनपुट/आउटपुट एरर'. मागचा पोर्ट, आखूड केबल, आणि मध्ये बिनअ‍ॅडॅप्टरचा हब नाही, एवढं पाळलं की बहुतेक तक्रारी मिटतात.

एवढं करूनही सुटत असेल तर संशय चिपवर. काही केसिंग यूएएसपीमध्ये, म्हणजे यूएसबी डिस्कच्या वेगवान पद्धतीत, गोंधळतात. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) बूट ओळीत 'यूएसबी-स्टोरेज क्वर्क्स' देऊन त्या चिपपुरतं यूएएसपी बंद करता येतं. वेग उतरतो, स्थिरता येते. स्लीप तर बंदच ठेवावं. झोपेत पोर्टची वीज गेली की उठल्यावर सिस्टिम ज्यावर आहे तो रूट ड्राइव्हच सापडत नाही.

उन्हाळ्यात दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये केसिंग हाताला चटका देतं. ते चांगलंच आहे, उष्णता बाहेर येतेय. काळजी करायची ती एसएसडी आत तापलेली आणि केसिंग थंड असेल तेव्हा. थर्मल पॅडवरची प्लॅस्टिकची पापुद्र्यासारखी फिल्म बरेचदा काढलेलीच नसते. साधारण ७० ते ८० अंशांच्या दरम्यान एसएसडी स्वतःहून वेग कमी करते. उद्यमनगर-शिरोलीत उन्हाइतकाच त्रास बिडाच्या धुळीचा. ती वीज वाहते, त्यामुळे टाइप-सी पोर्टात साचली तर आधी जोडणी लटपटते आणि पुढे शॉर्टही होऊ शकतं. सिलिकॉनचं टोपण लावून ठेवावं, आणि पीसी बंद करून मऊ ब्रश व आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पोर्ट पुसावा. कॉम्प्रेसरची हवा नको, तिच्यात पाणी आणि तेल असतं.

इन्स्टॉल करताना सगळ्यात महागात पडते ती बूटलोडरची, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमची, चूक. पोर्टेबल ड्राइव्ह निवडला तरी काही इन्स्टॉलर बूटलोडर पीसीच्या आतल्या डिस्कवर टाकतात. मग ड्राइव्ह दुसऱ्या पीसीवर बूट होत नाही आणि मालकाचा पीसी ड्राइव्ह काढला की ग्रबच्या (लिनक्सच्या बूटलोडरच्या) स्क्रीनवर अडकतो. आतली डिस्क काढून किंवा बायोसमधून बंद करून इन्स्टॉल करावं. नंतर ग्रब 'रिमूव्हेबल' पर्यायानं टाकावा, म्हणजे फाइल ईएफआय विभागात बूट फोल्डरमध्ये जाते आणि यूईएफआयचा (बायोसच्या जागी आलेल्या नव्या पद्धतीचा) कुठलाही पीसी ती आपोआप शोधतो. जुन्या बायोसवाल्या डेस्कटॉपसाठी जीपीटीत (डिस्कच्या विभागांच्या तक्त्यात) १ एमबीचा 'बायोस बूट' विभाग सुरुवातीलाच सोडावा आणि ग्रब दोन्ही प्रकारांनी टाकावा. एनव्हीडियाचा बंदिस्त ड्रायव्हर फिरत्या ड्राइव्हवर टाळलेला बरा. आणि विंडोजच्या पीसीवर सिक्युअर बूटला हात लावण्याआधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलुपाची) रिकव्हरी की मालकाकडे आहे का ते विचारावं.

विंडोजच हवी असेल तर मायक्रोसॉफ्टनं 'विंडोज टू गो' ही पोर्टेबल विंडोजची सोय २०२० मध्ये, विंडोज १० च्या '२००४' नावाच्या आवृत्तीपासून काढून टाकलीय. रूफस या मोफत सॉफ्टवेअरनं तसा ड्राइव्ह अजून बनवता येतो, पण मोठ्या अपडेटला रडगाणं.

वळवाच्या पावसात लाइट जाते आणि वर्कशॉपच्या पीसीला यूपीएस नसतो. म्हणून ईएक्सटी४ या फाइल सिस्टिमचं जर्नल, म्हणजे बदलांची आधी केलेली नोंद, चालूच ठेवावं. लिखाण वाचवायला ते बंद करा असा सल्ला मिळतो, तो ऐकू नये. लिखाण कमी करायला 'नोएटाइम' (फाइल वाचल्याची वेळ न लिहिणं), झेडरॅम (स्वॅप रॅममध्येच दाबून ठेवणं) आणि लॉग लिहिणाऱ्या जर्नलडीला ५० एमबीची मर्यादा पुरे. ट्रिम, म्हणजे पुसलेल्या फाइलींची जागा एसएसडीला कळवणं, बहुतेक केसिंगवर आपोआप चालू नसतं, यूडेव्हचा (लिनक्समध्ये जोडलेली उपकरणं सांभाळणाऱ्या भागाचा) नियम लिहून करावं लागतं, त्याआधी बॅकअप. ड्राइव्ह केएमटीच्या बसमध्ये राहून जाऊ शकतो, तेव्हा लक्स हे लिनक्सचं डिस्क एन्क्रिप्शन हवंच.

राजारामपुरीत खरेदीला जाताना लिनक्सचा लॅपटॉप सोबत न्यावा. काउंटरवरच केसिंग जोडून 'एलएसयूएसबी -टी' चालवावं: ओळीत ड्रायव्हर 'यूएएस' आणि वेग '१००००एम' दिसला पाहिजे. '४८०एम', म्हणजे यूएसबी २.० चा वेग, दिसला तर पहिल्यांदा केबल बदलून बघावी, आणि मग केबल हळूच हलवावी. हलवल्यावर ओळ गायब झाली तर दुसरा पीस मागावा.