झेडएफएसचा रेडझेड-२ पूल: बरेच महिने वापरल्यानंतरचा अनुभव, आणि डिस्क काढून फेकण्याआधी काय काय बघावं

डेबियन (लिनक्स) सर्व्हरवर झेडएफएस या फाइल सिस्टिमचा पूल, म्हणजे अनेक डिस्क मिळून केलेला एकच साठा, चालवतोय, ८ टीबीच्या ६ डिस्क, सगळ्या एकाच रेडझेड-२ गटात. म्हणजे कुठल्याही २ डिस्क एकदम गेल्या तरी डेटा शाबूत, आणि जागा मिळते ४ डिस्कची. त्यावर व्हिडिओ प्रोजेक्ट आहेत, जुने फोटो आहेत, बाकी मशीनचे बॅकअप येतात, थोडक्यात पूल दिवसरात्र राबतो. आता इतके महिने झाल्यावर सांगतो की झेडएफएस मस्तच आहे, मी सोडणार नाही. पण ते चालवताना सगळ्यात जास्त वेळ जातो तो "डिस्क खराब झालीये की दुसरंच काही" हे शोधण्यात, आणि याबद्दल कुणी नीट लिहीत नाही, म्हणून हा एवढा मोठा रिव्ह्यू.

आधी मूळ गोष्ट. साध्या रेडमध्ये (अनेक डिस्क एकत्र बांधायची नेहमीची पद्धत) डिस्कने "वाचलं, हा घे डेटा" असं सांगितलं की कंट्रोलर विश्वास ठेवतो. झेडएफएस ठेवत नाही. प्रत्येक ब्लॉकचा चेकसम (डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) त्या ब्लॉकजवळ न ठेवता त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या वरच्या ब्लॉकमध्ये ठेवलेला असतो, वाचताना तो जुळवला जातो, जुळला नाही तर पॅरिटीवरून (हरवलेला डेटा परत काढण्यासाठी ठेवलेली जादा माहिती) बरोबर डेटा काढून डिस्कवर दुरुस्तही केला जातो. त्यामुळे झेडपूल स्टेटस ही कमांड टाकली की प्रत्येक डिस्कसमोर ३ आकडे दिसतात, रीड, राइट आणि सीकेसम (चेकसम), आणि या तिघांचा अर्थ वेगवेगळा आहे. रीड किंवा राइट वाढला म्हणजे मागितलेलं काम झालंच नाही, खालून एरर आली. सीकेसम वाढला म्हणजे डिस्क म्हणाली सगळं ठीक, पण आलेला डेटा चुकीचा होता. बरेच जण तिन्ही एकाच मापाने मोजतात आणि आकडा दिसला की नवीन डिस्क मागवतात. थांबा जरा.

माझ्याकडे पहिला प्रसंग आला तो असा की स्क्रब (पूलमधला सगळा डेटा वाचून तपासणं) चालू असताना एक डिस्क फॉल्टेड झाली, म्हणजे झेडएफएसने ती बाद केली, समोर लिहिलेलं "टू मेनी एरर्स", रीड आणि राइट दोन्ही वाढलेले, सीकेसम शून्य. पूल डिग्रेडेड (एक डिस्क कमी) झाला पण चालू राहिला, कुणाला काही कळलंही नाही. मी डीमेसेज (लिनक्स कर्नलचा लॉग) उघडलं तर तिथे त्या पोर्टवर "हार्ड रीसेटिंग लिंक" ची रांग लागलेली. मग स्मार्टसीटीएल या कमांडने त्या डिस्कचे स्मार्टचे आकडे काढले, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते ती. ५ नंबर, म्हणजे रीअलोकेटेड (खराब म्हणून बदललेले) सेक्टर, शून्य. १९७ पेंडिंग, शून्य. १९८, म्हणजे दुरुस्त न होणारे, शून्य. पण १९९, तो यूडीएमए सीआरसी एररचा, भरपूर वाढलेला. हे चित्र ओळखायला शिका! १९९ मोजतो ते डिस्क आणि कंट्रोलरच्या मधल्या प्रवासात बिघडलेला डेटा, प्लॅटरशी (डिस्कच्या आतली डेटा ठेवणारी तबकडी) त्याचा संबंध नाही. म्हणजे जवळपास नेहमी केबल, कनेक्टर, बॅकप्लेन (डिस्क जिच्यात खोचतात ती पट्टी), नाहीतर पॉवर.

नुसत्या अंदाजावर न जाता मी सर्व्हर बंद करून त्या डिस्कची डेटा केबल शेजारच्या डिस्कला लावली आणि शेजारची हिला, बाकी काही हलवलं नाही. परत स्क्रब. आता शेजारच्या डिस्कचा १९९ वाढायला लागला आणि आधीची एकदम गप्प. म्हणजे दोष केबलबरोबर सरकला, डिस्क निर्दोष. ती केबल बाजूच्या पत्र्याला दाबून अगदी काटकोनात वळलेली होती आणि तिच्या कनेक्टरला लॉकची क्लिपही नव्हती. नवीन केबल टाकली, विषय संपला. एक लक्षात ठेवा, १९९ चा आकडा कधीच कमी होत नाही, केबल बदलली तरी जुना तसाच राहतो, म्हणून तो लिहून ठेवायचा आणि पुढे वाढतोय का एवढंच बघायचं.

आणि इथेच झेडएफएसचं मला सगळ्यात आवडलेलं वागणं दिसलं. डिस्क परत जोडून झेडपूल क्लिअर केल्यावर त्याने अख्खी डिस्क परत भरायला घेतली नाही, ती गैरहजर असताना जे काही लिहिलं गेलं होतं तेवढंच तिच्यावर रिसिल्व्हर केलं (परत भरलं), काही मिनिटांत पूल ऑनलाइन. जुन्या हार्डवेअर रेड कार्डवर अशा वेळी बहुतेक वेळा पूर्ण रीबिल्ड बघत बसावं लागतं. मात्र क्लिअर हा इलाज नव्हे हां, तो फक्त आकडे शून्य करून डिस्कला परत कामाला लावतो. आधी स्टेटसचं आउटपुट कुठेतरी सेव्ह करा, मगच क्लिअर करा, नाहीतर पुरावाच जातो. आणि क्लिअरनंतर स्क्रब हवाच.

पॉवरचंही सांगतो कारण ते ओळखणं आणखी अवघड. एकाच वायरवर स्प्लिटर लावून चार-पाच डिस्क टांगल्या की लोड आल्यावर व्होल्टेज पडतं, एखादी डिस्क क्षणभर बंद होऊन परत सुरू होते आणि लॉगमध्ये ते केबलच्या एररसारखंच दिसतं. इथे स्मार्टचा १२ नंबर बघायचा, पॉवर सायकल काउंट. सर्व्हर बंदच केला नव्हता आणि तरी एकाच डिस्कचा १२ वाढलाय, तर पॉवरकडे बघा. अखंड प्लॅस्टिक ओतून बनवलेले मोल्डेड स्प्लिटर मी वापरत नाही, आतल्या तारा एकमेकींना टेकून जळाल्याची उदाहरणं आहेत.

आता खरोखर मेलेल्या डिस्कचं. काही महिन्यांनी दुसऱ्या एका डिस्कवर पेंडिंग सेक्टर ८ झाले. ८ बघून घाबरू नका, आतला सेक्टर ४०९६ बाइटचा आणि बाहेर दाखवायचा ५१२ चा असेल तर एक खराब सेक्टर बऱ्याचदा ८ मोजला जातो. पेंडिंग म्हणजे डिस्कला तो वाचता येत नाहीये, त्यावर परत लिहिलं गेलं की ती ठरवते चालतोय की बदलून टाकायचा. झेडएफएसने स्क्रबमध्ये ती जागा परत लिहिली, पेंडिंग शून्य झाला, आणि ५ नंबर वाढला. तिथेच थांबला असता तर मी डिस्क ठेवली असती, खरंच. पण पुढच्या स्क्रबला परत पेंडिंग, ५ परत वर, आणि डिस्कची स्वतःची लाँग टेस्ट लावली तर "कम्प्लीटेड: रीड फेल्युअर" आणि खाली एलबीए, म्हणजे खराब जागेचा पत्ता. एवढं झालं की मग वाट बघायची नाही. गूगलने २००७ मध्ये लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला होता, त्यात स्कॅन एरर (डिस्कने स्वतःच पृष्ठभाग तपासताना सापडलेली चूक) पहिल्यांदा आल्यानंतरच्या ६० दिवसांत डिस्क जाण्याची शक्यता अशी एरर नसलेल्या डिस्कच्या ३९ पट निघाली होती. त्याच अभ्यासात हेही होतं की मेलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कवर चार मुख्य स्मार्ट आकड्यांपैकी एकही हललेला नव्हता, म्हणजे स्मार्ट ओरडला तर ऐका, पण तो गप्प आहे म्हणून निवांत झोपू नका. वर जो "पास्ड" असा ओव्हरऑल निकाल येतो त्याच्यावर तर अजिबात जाऊ नका, माझ्या या डिस्कवर शेवटपर्यंत पास्डच येत होतं.

काही कंपन्यांच्या डिस्कवर १ आणि ७ नंबरचे रॉ आकडे कोटींच्या घरात दिसतात, ते तसेच असतात, एकाच आकड्यात दोन गोष्टी कोंबलेल्या असतात. दुर्लक्ष करा.

बदलताना एक गोष्ट आवर्जून करा. पोर्ट मोकळा असेल तर जुनी डिस्क काढूच नका. नवीन शेजारी लावा आणि झेडपूल रिप्लेस द्या, जुनी आणि नवी दोन्ही जोडलेल्या असताना. रिसिल्व्हर चालू असेपर्यंत जुनी अर्धमेली डिस्कही जमेल तेवढा डेटा देत राहते, त्यामुळे आधाराची एक फळी कमी होत नाही. पूर्ण झालं की झेडएफएस जुनीला आपणहून पूलमधून वेगळं करतं. रेडझेड-१ वाल्यांसाठी (एकच डिस्क गेलेली चालते) तर हे फारच महत्त्वाचं, कारण तिथे डिस्क आधी उपसली की रिसिल्व्हर संपेपर्यंत उरलेल्यांपैकी एकाही डिस्कवर वाचता न येणारा सेक्टर निघाला तर त्या फाइल गेल्या. साध्या डिस्कच्या कागदावर १०^१४ बिटमागे एक न वाचता येणारी चूक असं लिहिलेलं असतं, म्हणजे साधारण १२.५ टीबी. प्रत्यक्षात डिस्क त्यापेक्षा बऱ्याच बऱ्या वागतात, पण एवढ्या मोठ्या डिस्कवर मी सिंगल पॅरिटी ठेवणार नाही म्हणजे नाही.

आणि बरोबर डिस्क काढा! पूल बनवताना एसडीए, एसडीबी ही नावं वापरू नका, रीबूटनंतर ती बदलू शकतात. लिनक्सची बाय-आयडी वाली नावं द्या, त्यात सिरीयल नंबर असतो. मी प्रत्येक ट्रेच्या पुढच्या बाजूला सिरीयलचे शेवटचे चार अंक स्टिकरवर लिहून चिकटवलेत. चार ट्रे एकसारखे दिसत असताना डिग्रेडेड पूलमधून चांगली डिस्क ओढली गेली तर काय होईल ते सांगायला नको. बॅकप्लेन साथ देत असेल तर लेडसीटीएल लोकेट या कमांडने त्या ट्रेचा लाइटही लावता येतो.

तिसरा प्रसंग थोडक्यात. एकदा सहाच्या सहा डिस्कवर थोडे थोडे सीकेसम दिसायला लागले, स्मार्ट मात्र सगळीकडे स्वच्छ. सहा डिस्क एकाच आठवड्यात आजारी पडत नाहीत, म्हणजे सगळ्यांच्या वाटेत जे समाईक आहे तिथे बघायचं: रॅम, एचबीए कार्ड (डिस्क सर्व्हरला जोडणारं कार्ड), पॉवर सप्लाय. रॅम मेमटेस्टमध्ये ठीक निघाली. एचबीएच्या हीटसिंकला बोट लावलं तर टेकवत नव्हतं. ही कार्डं सर्व्हरच्या जोरदार वाऱ्यासाठी बनवलेली असतात, शांत कॅबिनेटमध्ये ती भाजतात. वर एक छोटा पंखा बसवला, तेव्हापासून शून्य. एचबीए घेताना आयटी मोडचं घ्या, म्हणजे डिस्क जशाच्या तशा पुढे देणारं, मधे रेड कार्ड बसवलं की ते डिस्क झाकून ठेवतं, स्मार्टही धड दिसत नाही.

डिस्क विकत घेताना दोन गोष्टी. एसएमआर डिस्क पूलमध्ये नको, त्यात ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात आणि रिसिल्व्हरच्या सततच्या लिखाणात त्या इतक्या मंदावतात की झेडएफएस त्यांना बाहेरही काढू शकतं. २०२० मध्ये हे प्रकरण गाजलं होतं, नाससाठी (नेटवर्कवरच्या साठवणुकीच्या मशीनसाठी) म्हणून विकलेल्या काही डिस्क एसएमआर निघाल्या आणि तसं कुठे लिहिलेलंच नव्हतं. मॉडेल नंबर टाकून सीएमआर (ट्रॅक एकमेकांवर न चढवणारी) आहे याची खात्री करूनच घ्या. दुसरं, एरर रिकव्हरीची मर्यादा. नास डिस्क खराब सेक्टरवर साधारण ७ सेकंद झगडून सोडून देते. डेस्कटॉप डिस्क मिनिटभर किंवा त्याहून जास्त अडून बसू शकते, लिनक्सचा टाइमआउट ३० सेकंदांचा, मग लिनक्स लिंक रीसेट करतो आणि एका सेक्टरपायी अख्खी डिस्क बाहेर. स्मार्टसीटीएलच्या एससीटी ईआरसी या पर्यायाने (एरर रिकव्हरीची वेळ) हे बघता येतं, बऱ्याच डिस्कवर सेटही करता येतं, पण पॉवर गेली की बहुतेक ते विसरतात, म्हणून बूटच्या स्क्रिप्टमध्ये टाकून ठेवा.

तक्रारी पण आहेत. जागा वाढवणं अजूनही डोकेदुखी. ओपनझेडएफएस २.३ मध्ये, २०२५ च्या सुरुवातीला, रेडझेडला एकेक डिस्क जोडायची सोय आली, ही मोठीच गोष्ट आहे, पण आधीचा डेटा जुन्याच पॅरिटीच्या प्रमाणात राहतो, परत लिहिल्याशिवाय त्याची जागा वाचत नाही. आणि झेडपूल ॲड या कमांडची मला खरंच भीती वाटते. अटॅच किंवा रिप्लेसच्या जागी ॲड मारलं आणि एकटी डिस्क वेगळी व्हीडेव्ह (पूलमधला डिस्कचा स्वतंत्र गट) म्हणून चिकटली, तर पुढे ती एक गेली की अख्खा पूल जातो, आणि रेडझेड असलेल्या पूलमधून ती परत काढताही येत नाही. झेडएफएस रेप्लिकेशन लेव्हल (किती डिस्क गेल्या तर चालेल ती पातळी) जुळत नाही म्हणून अडवतं आणि फोर्सचा पर्याय सुचवतं. तो फोर्स लावू नका, आणि कुठलंही ॲड मारण्याआधी चेकपॉइंट (पूल परत नेता येईल अशी खूण) घ्या, नाहीतर निदान कमांड ड्राय रनमध्ये, म्हणजे खरा बदल न करता, चालवून पूल कसा दिसेल ते वाचा.

डेबियनवर स्क्रब दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आपोआप लागतो, ते तसंच राहू द्या. मात्र मेल सेट करा, झेडईडी (झेडएफएसवर लक्ष ठेवणारा) आणि स्मार्टडी (स्मार्टवर लक्ष ठेवणारा) या दोन्ही प्रोग्रॅमचे, आणि टेस्ट मेल पाठवून तो खरंच येतोय ना ते बघा. पूल डिग्रेडेड असूनही सगळं इतकं सुरळीत चालतं की मेल नसेल तर दुसरी डिस्क जाईपर्यंत पत्ताच लागत नाही. आणि रेडझेड-२ असो की ३, बॅकअप वेगळा पाहिजेच. मी स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या डेटाची गोठवलेली स्थिती) घेऊन झेडएफएस सेंडने दुसऱ्या ठिकाणच्या मशीनवर पाठवतो.

कुणी घ्यावं? २ किंवा ४ डिस्क असतील तर सरळ मिरर (दोन डिस्कवर तोच डेटा) करा, रिसिल्व्हर लवकर होतो आणि पुढे जोडीजोडीने वाढवता येतं. ६ ते ८ मोठ्या डिस्क असतील तर रेडझेड-२. आणि सुरुवातीलाच डिस्कबरोबर एक जादा सीएमआर डिस्क, दोन चांगल्या लॉकवाल्या केबल आणि एचबीएसाठी पंखा मागवून ठेवा. ती जादा डिस्क बॅडब्लॉक्स या प्रोग्रॅमच्या राइट टेस्टमधून (सगळी डिस्क लिहून-वाचून तपासणं) काढून मगच कपाटात ठेवा, ८ टीबीला काही दिवस लागतात, पण ऐन डिग्रेडेडच्या वेळी नवी डिस्कच सदोष निघण्यापेक्षा ते परवडलं.