कार्पसाठी 8 नंबरचा फ्लाय रॉड: नऊ महिन्यांनंतर

कार्पसाठी म्हणून मुद्दाम घेतलेल्या या सेटला आता नऊ महिने झाले. नऊ फुटी, चार तुकड्यांचा 8 नंबरचा रॉड, डिस्क ड्रॅगचं (म्हणजे मासा लाइन ओढत पळताना तिला रोखून धरणाऱ्या ब्रेकचं) रील आणि पाण्यावर तरंगणारी फ्लोटिंग लाइन. पहिल्याच आठवड्यात रिव्ह्यू लिहायला बसलो असतो तर पाचपैकी पाच तारे देऊन मोकळा झालो असतो, कारण मोकळ्या मैदानावर सराव करताना लाइन अशी काही सुटत होती की मीच बघत राहायचो. पण कार्प मैदानावर राहत नाही.

माझा हिशोब असा होता की कार्प म्हणजे महाबुजरा मासा, तेव्हा लांबून फेकता आलं पाहिजे. म्हणून ताठ, वेगवान रॉड निवडला. आता मागे वळून बघतो तर दोन-तीन अपवाद वगळता सगळे मासे 10 मीटरच्या आत लागलेत, काही तर पाच-सहा मीटरवर. याचं कारण साधं आहे. हा मासा दिसल्याशिवाय त्याच्यासमोर फ्लाय, म्हणजे गळावर बांधलेलं नकली आमिष, टाकून उपयोग नाही, आणि नुसता दिसून भागत नाही, त्याचं तोंड कुठल्या बाजूला आहे आणि ते उघडलं की नाही हेही दिसावं लागतं. 20 मीटरवरून ते कोणाच्या बापाला दिसणार?

आणि एवढ्या जवळ हा रॉड म्हणजे नुसता दांडका. फ्लाय इतकी हलकी की रॉड वाकवून फेक घडवते ती लाइनच, आणि लाइनचा नंबर तिच्या पहिल्या 30 फुटांच्या वजनावरून ठरतो. 8 नंबरला ते 210 ग्रेन, म्हणजे साधारण 13.6 ग्रॅम. सहा मीटरच्या फेकीत लीडरची, म्हणजे लाइन आणि फ्लायच्या मधल्या बारीक दोरीची, लांबी वजा केली तर रॉडच्या टोकाबाहेर लाइन उरते जेमतेम आठ-दहा फूट. तेवढ्या वजनाने हा रॉड वाकतच नाही, मग सगळं मनगटाच्या जोरावर ढकलावं लागतं आणि फ्लाय कुठे पडेल याचा भरवसा नाही. दोन महिने मी स्वतःच्या हाताला दोष देत होतो. मग 9 नंबरची, म्हणजे 240 ग्रेनची लाइन चढवून पाहिली आणि रॉडमध्ये जीव आला. लांब फेकीत आता तो थोडा सुस्तावतो, पण लांब फेकतंय कोण!

भरवसा एवढा का लागतो ते सांगतो. गुडघाभर पाणी, खाली मऊ गाळ. एक कार्प डोकं खाली खुपसून चरतोय, शेपटीचं टोक पाण्याबाहेर डोलतंय, तोंडापाशी गाळाचा ढग उठतोय. फ्लाय थेट त्याच्या डोक्यावर पडली तर पुढच्या क्षणी तिथे फक्त तो ढग उरतो. म्हणून ती त्याच्या पलीकडे आणि थोडी पुढे टाकायची, रॉडचं टोक उंच धरून पृष्ठभागावरून हळूच ओढत आणायची आणि तोंडापासून वीतभर अंतरावर बुडू द्यायची. जागा मिळते ताटाएवढी. त्यानंतर काहीही करायचं नाही, आणि मला सगळ्यात जड गेलं ते हेच.

कार्पच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. त्यामुळे तो चावत नाही. तोंडाने शोषून घेतो, आत चाळतो आणि नको ते थुंकून टाकतो. आपली फ्लाय अर्थातच नकोमध्येच जाते. हाताला झटका लागण्याची वाट बघत बसलात तर ती केव्हाच थुंकलेली असते. मी बघतो ते त्याचं अंग: तो चार बोटं पुढे सरकतो, पर फुलतात, शेपटी थबकते. तेव्हा लाइन ताणायची. सुरुवातीच्या महिन्यांत किती मासे माझी फ्लाय खाऊन, थुंकून निघून गेले असतील कोण जाणे.

आता रीलबद्दल, कारण खरी तक्रार तिथे आहे. ड्रॅगची ताकद भरपूर, पण सुटताना तो आधी अडतो आणि मग सुटतो. हाताने लाइन ओढून बघितली तर हा फरक कळतही नाही. गळ लागल्यावर कार्प दोन सेकंद बावचळतो आणि मग खोल पाण्याकडे सुसाट सुटतो, नेमकं त्याच क्षणी हा अडथळा नडतो. 1एक्स टिपेट, म्हणजे लीडरच्या टोकाची पाव मिलिमीटर जाडीची दोरी, अशी दोनदा तुटली. कंपनीला कळवलं तर ‘हे नॉर्मल आहे’ असं एका ओळीचं उत्तर आलं. आता ड्रॅग अगदी सैल ठेवतो आणि फिरत्या रीलच्या कडेला तळवा टेकवून ब्रेक लावतो. जमतं, पण मग डिस्क ड्रॅगचे पैसे कशाला मोजले?

तिसरा मासा गेला त्यात रीलचा दोष नव्हता. लीडर बारा फुटी आणि रॉड नऊ फुटी, त्यामुळे मासा जाळ्यापाशी आणेपर्यंत लाइन-लीडरची गाठ रॉडच्या टोकाच्या गाइडमधून (लाइन ओवायच्या कडीतून) आत आलेली असते. माशाने शेवटची उसळी मारली, गाठ गाइडमध्ये अडकली आणि विषय संपला. आता लीडर नऊ-साडेनऊ फुटांचाच ठेवतो आणि गाठीवर चिकट लेप देऊन ती गुळगुळीत करतो.

सेटसोबत आलेल्या तयार फ्लायबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही. बारीक तारेचे गळ; पहिल्याच बऱ्या माशाने एक सरळ करून परत पाठवला. आता 8 नंबरच्या जाड गळावर स्वतः बांधतो. फ्लायच्या डोळ्यांना शिशाऐवजी साखळीचे हलके मणी, म्हणजे पाण्यात पडताना आवाज कमी. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकलेला. कार्पचे ओठ रबरासारखे चिवट असतात, काटा नसला तरी गळ सहसा सुटत नाही, आणि मासा सोडताना दोघांचेही हाल वाचतात.

आवाजावरून आठवलं. पाण्यात घसरू नये म्हणून तळाला लोखंडी खिळे असलेले बूट घेतले होते. दगडावर पाय पडला की कर्र... आणि पंधरा मीटरवरचे मासे गायब. कार्पच्या वाताशयापासून, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीपासून, आतल्या कानापर्यंत छोट्या हाडांची साखळी असते, आवाजाची कंपनं ती थेट कानात पोचवते. वेबर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने 1820 मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून ती हाडं आजही त्याच्याच नावाने ओळखली जातात. मला हे बूट घेतल्यानंतर कळलं. सध्या ते कपाटात आहेत.

चष्म्याचं मात्र कौतुकच. तांबूस काचांचा पोलराइज्ड चष्मा नसता तर वरचं एकही वाक्य लिहिता आलं नसतं. त्यातही एक गंमत आहे. पाण्यावरची चकाकी हा चष्मा सगळ्यात जास्त कापतो ती नजर उभ्या रेषेशी साधारण 53 अंशांत असताना. उंच काठावर उभे असाल आणि डोळे पाण्यापासून चार मीटर वर असतील, तर ती जागा येते सव्वापाच मीटरवर. म्हणजे पुन्हा जवळच. फक्त उंचावर आपली आकृती आकाशावर उठून दिसते, म्हणून मागे झाड बघून उभं राहायचं.

अंडी घालायच्या दिवसांत कार्प गवतात खळबळाट करत असतात, तेव्हा रॉड घरीच ठेवला. थंड पाण्यातल्या सुस्त माशांनी तर विचारलंच नाही.

रॉडला साडेतीन तारे, तेही 9 नंबरच्या लाइनसह. मुठीच्या कॉर्कमधला भराव दोन ठिकाणी गळून पडलाय आणि टोकाकडचा जोड फेकता फेकता सैल होतो; त्यावर मेण चोळतो. रीलला दोन. जाळं मात्र लगेच बदलतोय, कारण परवाच्या माशाचं डोकं आत होतं आणि उरलेला अर्धा मासा माझ्या मांडीवर फटके मारत होता.